आवाज येतोय का?



हल्ली आपल्या कोणत्याही सभेची सुरुवात ‘आवाज येतोय का?’ या प्रश्नाने होते. प्रश्न तीनदा विचारला जातो. पडद्यावरच्या चौकोनांतून कोणी हात हलवतो, कोणी अंगठा दाखवतो, दोघे-तिघे एकदम ‘येतोय, येतोय’ म्हणतात आणि एखादा म्हणतो, ‘न्हाई येत.’ मग ‘बहुतेकांना येतोय, चला’ असे म्हणून सभा पुढे सरकते. तो ‘न्हाई येत’ म्हणणारा पुढे दोन तास काय करत बसला, याची चौकशी कोणी करत नाही. आजचे हे चार शब्द त्या एका सभासदासाठी आहेत.

2020 आणि 2021 साली करोनामुळे एकत्र जमणे बंद झाले आणि राज्यातील अनेक कारखान्यांच्या सभा ऑनलाइन झाल्या. पुढे निर्बंध उठले, सभागृहे पुन्हा भरू लागली, पण पडदा काही गेला नाही. आता आपली सभा अर्धी इथे आणि अर्धी तिथे अशी भरते. काही सभासद कारखान्यावर, काही गट ऑफिसात, आणि जे मुंबई-पुण्याला आहेत ते आपापल्या मोबाईलवर.

आम्ही या पद्धतीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. लांबच्या गटातल्या माणसाला कारखान्यावर यायचे म्हणजे पेट्रोल जाते आणि दिवस मोडतो. ज्या भगिनींच्या नावावर सात-बारा आहे आणि शेअर आहे, पण ज्या कधी कारखान्याच्या सभेला आल्या नाहीत, त्या आता गट ऑफिसात येऊन बसतात. पूर्वी एखाद्या शास्त्रज्ञांना बोलवायचे तर दोन महिने आधी तारीख घ्यावी लागे. आता ते त्यांच्या खोलीतून अर्धा तास देतात. एवढा फायदा असताना जुने ते सोने म्हणत बसण्यात अर्थ नाही. आमची तक्रार वेगळी आहे. लांबच्या माणसाला आपण बसायला जागा दिली, पण त्याच्या कानाची आणि तोंडाची सोय केली नाही.

ऐंशी किलोची गोष्ट

गेल्या हंगामात आम्ही खोडवा व्यवस्थापनावर परिसंवाद ठेवला होता. सभागृहात दोनशेच्या आसपास सभासद, गट ऑफिसांत वीस-पंचवीस जण आणि शास्त्रज्ञ पडद्यावर. विषय होता पाचट न जाळता सरीतच कुजवण्याचा. शिफारस जुनीच आहे. टनभर पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू 1 किलो. हेक्टरी 10 टन पाचट धरले, तर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर आणि 10 किलो जिवाणू.

शास्त्रज्ञांनी हे सगळे व्यवस्थित सांगितले. ‘हेक्टरी’ हा शब्दही स्पष्ट उच्चारला. सभागृहात तो ऐकू आला. एका गट ऑफिसात मात्र नेमकी त्याच क्षणी रेंज डळमळली आणि पोहोचले ते एवढेच: ‘...ऐंशी किलो युरिया.’

आपला शेतकरी हिशेब एकरात करतो. पंधरा दिवसांनी आम्ही त्या भागात खोडवे बघायला गेलो, तर एक वयस्क सभासद मोठ्या विश्वासाने म्हणाले, “सायेब, तुमच्या मीटिंगमदी सांगितल्यापरमानं एकरी ऐंशी किलो टाकलाय बघा.” एकराला 32 किलो पुरे होते. 45 किलोची जवळजवळ दोन पोती गेली. चौकशी केली तेव्हा त्या ऑफिसात बसलेल्या आणखी सहा जणांनी तसेच केल्याचे कळले.

ही चूक शास्त्रज्ञांची नव्हती, त्या शेतकऱ्यांचीही नव्हती, आणि रेंजवर ढकलून आम्हांला मोकळे होता येणार नाही. सांगितलेले पोहोचले की नाही, हे बघण्याचे काम आमचे होते. आम्ही ते बघितले नाही. सभा झाली, फोटो निघाले, ‘उपस्थिती चांगली होती’ असा अहवाल आम्हीच लिहिला.

मराठी वाक्याची मेख शेवटी

त्यानंतर आम्ही प्रत्येक सभेत कान देऊन ऐकू लागलो. एक गोष्ट ध्यानात आली ती अशी, की आपल्या भाषेत होकार-नकार वाक्याच्या अगदी शेवटी येतो. ‘पाचट जाळू नका.’ ‘नोंद लांबवू नका.’ ‘कोवळा ऊस तोडू देऊ नका.’ शेवटचा ‘नका’ गळला की सल्ला उलटा होतो. आणि आपण बोलताना नेमके वाक्याच्या शेवटीच आवाज खाली टाकतो. मोबाईलमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये पंख्याची घरघर काढून टाकण्याची सोय असते. ती चांगली आहे, पण बारीक झालेला शब्दही ती कधी कधी घरघर समजून कापते. मग नेमका ‘नका’ जातो.

आकड्यांचेही तसेच आहे. आवाज फाटका असला की सात आणि साठ, तीन आणि तीस यांची गल्लत होते. उसाच्या जातींना तर आपण आकड्यांनीच हाक मारतो: 86032, 265, 10001. बेणे मागायला आलेला माणूस भलताच आकडा घेऊन घरी जातो.

माईकला मन नसते

मुळात हे घडते का? सभागृहात बसलेल्याला सगळे स्वच्छ ऐकू येते आणि लांबच्याला विहिरीतून बोलल्यासारखे, असे का व्हावे?

माणसाला दोन कान आहेत आणि त्यामागे मन आहे. पत्र्याच्या सभागृहात पंखे फिरत असतात, मागे खुर्च्या ओढल्या जातात, बाहेर ट्रॅक्टर जातो, तरी आपण बोलणाऱ्यावर लक्ष धरतो आणि बाकीचे मनातून गाळतो. कोपऱ्यात ठेवलेल्या एका माईकला ते जमत नाही. तो जे येईल ते गोळा करतो. त्यात आवाजाचा एक साधा नियम आहे. माईकपासूनचे अंतर दुप्पट झाले की थेट पोहोचणाऱ्या आवाजाची ताकद चौथाई उरते. वीतभर अंतरावरून बोललेले आणि चार हातांवरून बोललेले यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. शिवाय आवाज भिंतीवर आपटून परत येतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर. पंचवीस मीटर लांब सभागृहात मागच्या भिंतीवरून परत यायला त्याला सेकंदाचा सातवा भाग लागतो. तेवढ्यात बोलणारा पुढच्या शब्दावर गेलेला असतो. माईक दोन्ही शब्द एकावर एक रचून लांबच्याला पाठवतो.

दुसरे दुखणे कर्ण्याच्या शिट्टीचे. पाटातले पाणी फुटून परत विहिरीतच आले आणि मोटारीने तेच पुन्हा पुन्हा उचलले, तर रानात काय जाणार? कर्ण्यातून निघालेला आवाज माईकमध्ये शिरतो, तोच पुन्हा मोठा होऊन कर्ण्यातून निघतो, आणि दोन-चार फेऱ्यांत किंचाळी उठते. एकाच खोलीत दोघांनी आपापल्या मोबाईलवर सभा लावली आणि दोघांचेही आवाज चालू राहिले, तरी हेच होते. गट ऑफिसात हा प्रकार नेहमीचा आहे.

तिसरे दुखणे घुमण्याचे. लांबचा माणूस बोलतो, त्याचा आवाज आपल्या कर्ण्यातून निघतो, आपल्या माईकमध्ये जातो आणि अर्ध्या सेकंदाने त्याच्याच कानावर परत येतो. स्वतःचे बोलणे असे मागून ऐकू आले की चांगला वक्ताही अडखळतो. आपल्याला वाटते माणूस गांगरला. तो गांगरत नाही, आपण त्याला गांगरवतो. कॉम्प्युटर हा परतलेला आवाज ओळखून वजा करत असतो. पण आवाज त्याच्या हातातून सुटून मंडपवाल्याच्या ॲम्प्लिफायरमधून आणि कर्ण्यातून फिरून आला, की त्याचा हिशेब चुकतो. यावर जाणकाराचा उपाय सोपा आहे. मिक्सरवरून लांबच्या लोकांसाठी वेगळी वायर काढायची आणि तीत सगळ्यांचा आवाज सोडायचा, फक्त त्यांचा स्वतःचा सोडायचा नाही. आपल्याकडे मात्र अजून कर्ण्यासमोर मोबाईल धरून उभा राहिलेला चिटबॉय हाच उपाय आहे. त्या पोराचा हात दुखतो आणि ऐकणाऱ्याचे कान.

हात दिसत होता

चौथी अडचण डोळ्यांना दिसत नाही आणि ती सर्वांत वाईट आहे. समोरासमोर बोलताना एकाचे संपल्यावर दुसऱ्याचे सुरू व्हायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो, तेवढीच फट. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे आवाज पोहोचायला एका बाजूने 150 मिलिसेकंदांपर्यंत उशीर झाला तर बोलण्यात फारसा अडथळा वाटत नाही. आपल्या गटातल्या रेंजवर तो उशीर याच्या कितीतरी पुढे जातो. याचा अर्थ असा, की लांबच्या माणसाला ‘आता आपण बोलावे’ असे वाटेपर्यंत सभागृहातला कोणीतरी उठलेला असतो. लांबचा सभासद हुशार असो की धीट, या शर्यतीत तो दर वेळी हरणारच. त्याला बोलायला मिळायचे असेल तर अध्यक्षांनी त्याला नाव घेऊन बोलवावे लागते. दुसरा मार्ग नाही.

मागच्या वार्षिक सभेला एका गट ऑफिसात एक भगिनी बसल्या होत्या. त्यांच्या ऊस लागणीची तारीख आमच्या नोंदीत महिनाभर पुढची पडली होती. दोन अर्ज देऊन झाले होते, काम झाले नव्हते. म्हणून सभेत विचारावे असे त्यांनी ठरवले. चाळीस मिनिटे त्यांनी हात वर केला होता. सगळ्यांचे माईक आम्ही इकडून बंद ठेवले होते, कारण कालवा होतो. शेवटी एकदा त्यांचा माईक सुरू केला, तर शिट्टी उठली. कोणीतरी म्हणाले, ‘नंतर बघू.’ तेवढ्यात सभागृहातून ‘मंजूर, मंजूर’ झाले आणि विषय संपला. त्या उठल्या आणि आमच्या चिटबॉयला म्हणाल्या, “माझा हात तिकडं दिसत हुता का न्हाई?”

हात दिसत होता. पण पडदा अध्यक्षांच्या पाठीमागे होता.

ती नोंद सप्टेंबरात दुरुस्त झाली असती. झाली जानेवारीत. तोड गेली तेव्हा ऊस तुऱ्यावर आला होता. वजनात किती घट आली हे सांगण्यापेक्षा एवढेच सांगतो, की त्यानंतर त्या आमच्या एकाही ऑनलाइन सभेला आल्या नाहीत. उपस्थितीच्या यादीत एक नाव कमी झाले. आमच्या मते त्या दिवशी एक सभासद कमी झाला.

1956 सालचा धडा

या प्रश्नावर आधीच्या पिढीने काही विचार केला होता का, हे आम्ही शोधले. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग केला. आपल्याच मुलखातल्या पाच जिल्ह्यांतील 150 गावांत मंडळे स्थापन झाली. प्रत्येक मंडळात वीसेक माणसे. ठरलेल्या वेळी ती रेडिओभोवती जमत, शेतीचा कार्यक्रम ऐकत आणि संपल्यावर त्यावर चर्चा करत. प्रत्येक मंडळाला एक संयोजक होता. तो चर्चेची टिपणे ठेवी, शंका आकाशवाणीला पाठवी आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात येत. प्रयोग यशस्वी ठरला आणि 1959 पासून ही मंडळे देशभर नेण्यात आली.

त्या रेडिओत चित्र नव्हते, आणि गावातून स्टुडिओत बोलण्याची सोयच नव्हती. तरीही गावची शंका पोहोचत होती आणि तिचे उत्तर येत होते, कारण ऐकणाऱ्याच्या बाजूला एक जबाबदार माणूस बसवलेला होता. आज आपल्याकडे यंत्र शंभर पटीने चांगले आहे आणि तो माणूस नाही.

कीर्तनातही हेच आहे. बुवांनी चरण म्हटला की टाळकरी तो उचलतात. कर्णे नव्हते तेव्हा मागे बसलेल्या म्हातारीपर्यंत अभंग तसाच पोहोचत असे. आपल्या सभेत ठराव उचलून धरणारे पुष्कळ आहेत. उचलून म्हणणारा एकही नाही.

आमचे म्हणणे

येत्या वार्षिक सभेत सभागृहासाठी मोठा पडदा घ्यावा असे काही सभासदांचे म्हणणे आहे. पडद्याला आमचा विरोध नाही, पण आधी आवाज, मग पडदा. चित्र गेले तरी सभा चालते. आवाज गेला तर लोक नुसते तोंडाकडे बघत बसतात. आवाजाला इंटरनेटही थोडे लागते. बोलण्याला सेकंदाला 30 ते 60 किलोबिट पुरतात. चांगल्या चित्राला त्याच्या वीस-तीस पट लागतात. म्हणून रेंज कमी झाली की आधी चित्र बंद करावे, हे प्रत्येक गट ऑफिसात भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहे. संचालक मंडळाने खालील गोष्टींचा विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

1. सभागृहात बोलणाऱ्याने हातात माईक घेतल्याशिवाय बोलू नये, मग तो संचालक असो की सभासद. ‘माझा आवाज मोठा आहे, मला माईक नको’ असे म्हणणाऱ्याचा आवाज सभागृहापुरताच मोठा असतो.

2. प्रत्येक गट ऑफिसात टेबलावर ठेवायचा एक चांगला माईक-स्पीकर द्यावा. तो ट्रॅक्टरच्या मागच्या एका टायरपेक्षा स्वस्त पडतो. तो चालू असताना खोलीतल्या इतर मोबाईलवर सभा लावू नये.

3. प्रत्येक गट ऑफिसाला एक संयोजक नेमावा. त्याने प्रश्न लिहून घ्यावेत आणि सभेआधी अर्धा तास आवाजाची चाचणी घ्यावी. चाचणी ‘हॅलो हॅलो’ने नको. पलीकडून एक पूर्ण वाक्य आकड्यासकट म्हणायला लावावे आणि इकडून ते परत म्हणावे.

4. एक पडदा अध्यक्षांच्या समोर ठेवावा. लांबच्या सभासदांवर लक्ष ठेवायला मंचावर एक माणूस बसवावा. त्याला दुसरे काम देऊ नये, चहाचेही नाही.

5. प्रत्येक विषयावर पहिला प्रश्न लांबच्या सभासदांचा. सभागृहातले मागाहून. गट ऑफिसांची नावे क्रमाने पुकारल्याशिवाय विषय मताला टाकू नये.

6. पिकाचा डोस, तारीख, दर, ठराव यांतले काहीही सांगितले की ते एकदा सावकाश पुन्हा म्हणावे, गट संयोजकाने ते परत म्हणून दाखवावे आणि त्याच दिवशी लेखी पाठवावे. डोस एकरी आणि हेक्टरी असा दोन्ही सांगावा.

7. एखाद्या गट ऑफिसचा आवाज गेला तर सभा पाच मिनिटे थांबवावी. चहा घ्यावा, पण थांबावे.

यावर काही मंडळी म्हणतील, ‘असं केलं तर सभा दुपारी संपणार न्हाई.’ खरे आहे. सभेला तासभर जास्त लागेल. आम्ही त्यांना एवढेच विचारू, की पावसाने रस्ता तुटून अर्धे सभासद पलीकडे अडकले असते, तर आपण सभा सुरू केली असती का? तुटलेला रस्ता सर्वांना दिसतो. तुटलेला आवाज ज्याचा त्यालाच कळतो, आणि तो सांगायला गेला तर ते सांगणेही ऐकू येत नाही.

दुसरे काही म्हणतील, ज्याला खरी गरज आहे त्याने कारखान्यावर यावे. हे बोलणे आम्हांला पटत नाही. आपणच त्याला ‘तिथूनच या’ म्हटले. शेअर त्याचा तेवढाच आहे, ऊस त्याचा त्याच काट्यावर येतो. काटा लांबच्या गटाचा ऊस कमी तोलत नाही, तर सभेने त्याचा शब्द कमी का तोलावा?

आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यायची असते. अजून हाताशी वेळ आहे. आमच्या ऊस विकास विभागापुरते आम्ही आजच ठरवले आहे. यापुढे आमच्या कोणत्याही परिसंवादात गट ऑफिसातून डोस परत म्हणून घेतल्याशिवाय पुढचा विषय निघणार नाही. ज्या भगिनी उठून गेल्या त्यांच्या घरी आम्ही जाऊन आलो. पुढच्या परिसंवादाला पहिला प्रश्न त्यांचा राहील, असे सांगितले आहे. “बगू,” त्या म्हणाल्या.

त्या ‘बगू’ला आपण सर्वांनी मिळून उत्तर द्यायचे आहे.